गोधडीत गुंडाळलेली बिअर

आधीच सांगून टाकतो, घरी बिअर करायची आयडिया माझी नव्हती, सांगलीकराची होती, आणि जे काही नुकसान झालं त्यातलं अर्ध्याहून जास्त त्याच्याच नावावर आहे. आम्ही चौघं अमेरिकेत, ओरेगनात पोर्टलंडच्या आसपास राहतो. मी, सांगलीकर, नागपूरकर आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे औषधं देणारा नाही, मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी केलेला, पण आमच्या ग्रुपात सर्दी झाली तरी त्यालाच फोन जातो.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही सगळे बायकापोरांसकट विलामेट व्हॅलीत फिरायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला पंधरा-अठरा फूट उंच खांब, वर तारा आणि तारांना लोंबणारे हिरवेगार वेल, अशी शेतंच्या शेतं. सांगलीकराच्या घरी द्राक्षबाग आहे, त्याने गाडी थांबवलीच. "एवढा उंच मांडव? हितं छाटणी कोण करतंय, जिराफ?" ते हॉप्स होते, बिअरला कडूपणा आणि वास देतात ते. बांधाच्या बाहेर पडलेल्या एका वेलाची दोन बोंडं उचलून त्याने तळहातावर चोळली तर आतून पिवळी भुकटी निघाली आणि असा वास आला की बस, संत्र्याची साल अधिक नुकतं कापलेलं गवत. डॉक्टर म्हणाला हे गांजाच्याच कुळातलं झाड आहे. मग काय, परत येताना गाडीत दुसरा विषयच नव्हता.

हे कायदेशीर आहे का, हे माझ्या बायकोने सगळ्यात आधी विचारलं. इकडे आहे. १९३३ ला दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली पण बिअर राहून गेली, ती १९७८ च्या ऑक्टोबरात जिमी कार्टरने सही केली तेव्हा कुठे सुटली. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन (एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास), एकच असेल तर १००, आणि विकायची नाही. तरी राज्याराज्यांचे आपापले कायदे होतेच, अलाबामा आणि मिसिसिपीत तर २०१३ उजाडलं. आपल्या महाराष्ट्रात वाचणाऱ्यांनो, तुम्ही हे करायला जाऊ नका, तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि बिनपरवाना बनवणं हा सरळ गुन्हा आहे. तुम्ही बाहेर जाऊन प्या, आमच्या वाट्याची पण प्या.

सामान आणायला आम्ही स्टाइनबार्टमध्ये गेलो, पोर्टलंडमधलं १९१८ पासूनचं दुकान. दुकान म्हणजे आपल्याकडच्या जुन्या किराणा भुसार दुकानाचा आणि हार्डवेअरच्या दुकानाचा संकर समजा, एकीकडे धान्याचे डबे, एकीकडे नळ्या-तोट्या-बुचं. नऊ पौंड टू-रो नावाचं साधं बार्ली माल्ट आणि एक पौंड क्रिस्टल माल्ट, जे जरा भाजलेलं लालसर असतं, असं घेऊन तिथेच चक्कीत भरडून घेतलं. पीठ नाही करायचं, नुसतं भरडायचं, टरफल शाबूत राहिलं पाहिजे. माल्ट म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं आणि मी हसायलाच लागलो, कारण धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, हलकं भाजायचं, म्हणजे आमची आई नाचणीसत्त्वासाठी जे करते तेच की. लहानपणी फडक्यात बांधलेली नाचणी स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकलेली असायची, तीच गोष्ट हे लोक बार्लीची करतात.

सोबत कॅस्केड नावाच्या हॉप्सची एक-एक औंसाची तीन पाकिटं, यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट, आणि स्टार सॅन नावाचं निर्जंतुक करायचं द्रव. कॅस्केड तर घरचंच म्हणायचं, इथल्याच कॉर्व्हॅलिसच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९७२ ला बाहेर आलेलं वाण. हॉप्स मात्र बोंडं नाहीत, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, नागपूरकर म्हणाला, "हे तं आमच्या गावाकडची ढेप आहे बे."

काउंटरवरच्या माणसाने आंबवायचं भांडं साडेसहा गॅलनचं घ्या असं स्वच्छ सांगितलं होतं. पाच गॅलन बिअर, वर दीड गॅलन मोकळी जागा. पण सांगलीकराला नेटवर कोणीतरी फुकट देत असलेली काचेची मोठी बाटली मिळाली होती, कारबॉय म्हणतात तिला, बरोब्बर पाच गॅलनची. "पाच गॅलन बिअर, पाच गॅलन बाटली, अजून काय पाहिजे लेका?" फुकट म्हटल्यावर आम्ही पण माना डोलावल्या. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार ठरला, माझ्या घराचा ड्राइव्हवे. स्वयंपाकघरात करायला बायकोने नकार दिला होता आणि तसंही आमच्या इलेक्ट्रिक शेगडीवर पाच-सहा गॅलन पाणी उकळायला संध्याकाळ झाली असती. इकडे थँक्सगिव्हिंगला टर्की तळायला गॅसचा बर्नर आणि तीस क्वार्टचं, म्हणजे साडेसात गॅलनचं पातेलं असा सेट मिळतो, तो नागपूरकराकडे होता, टर्की कधी तळली नव्हती पण सेलमध्ये होता म्हणून घेतलेला.

पोर्टलंडचं पाणी बुल रन नावाच्या पाणलोटातून येतं, माउंट हूडच्या बाजूने, एकदम मऊ पाणी, बिअरला झकास. पण त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामिन असतं, आणि ते नुसतं उकळून पटकन जात नाही, तसंच वापरलं तर बिअरला बँडेज पट्टीचा वास येऊ शकतो. म्हणून क्लोरामिन घालवणारी कॅम्पडेन नावाची अर्धी गोळी त्यात चुरून टाकायची. डॉक्टरने ही अर्धी गोळी तोडायला जेवढा वेळ लावला तेवढ्यात माझा चहा करून पिऊन झाला.

आता मुख्य काम, मॅश. पाणी तापवायचं, मोठ्या कापडी पिशवीत भरडलेलं माल्ट घालून ती पाण्यात सोडायची आणि तासभर १५२ फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण ६७ सेल्सिअसला ठेवायचं. हा आकडा उगाच नाही. माल्टमध्ये दोन एन्झाइम असतात, एक ६२ ते ६५ ला खूश, दुसरं सत्तरीच्या आसपास, पहिल्याने जोर केला तर बिअर पातळ आणि कोरडी होते, दुसऱ्याने केला तर अंगाला जड, म्हणून दोघांच्या मधला आकडा धरायचा. संयुक्त कुटुंबासारखं. आम्ही पाणी जास्तच तापवलं, माल्ट घालून ढवळलं तरी १५७ दाखवत होतं. मग बर्फ टाका, टाका, अजून टाका, बस बस, असं करत १५० ला आलं. नागपूरकर म्हणाला राहू द्या आता, हात नका लावू.

पण बाहेर वारा होता आणि ज्योत बंद केल्यावर पातेलं गार व्हायला लागलं. लोक यासाठी इन्सुलेशनचं जॅकेट विकत घेतात. मी आत गेलो आणि आईने मागच्या वेळी बॅगेत कोंबून दिलेली गोधडी घेऊन आलो, चौघडी करून पातेल्याला गुंडाळली आणि वर दोरीने बांधली. बर्नर बंद होता, काळजी नको. तासाभराने उघडलं तर दोनच डिग्री उतरलं होतं! माझ्या आज्जीच्या इरकली लुगड्याचे तुकडे आहेत त्या गोधडीत, आणि त्या लुगड्याने पोर्टलंडच्या ड्राइव्हवेवर बिअरचा मॅश सांभाळला. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज पडली नाही, दोन दिवस सगळ्या खोलीला हॉर्लिक्सचा वास येत होता.

हो, हॉर्लिक्सच. त्यातही माल्टच असतं ना. तो गोड रस, ज्याला वॉर्ट म्हणतात, डावाने काढून चाखला तेव्हा चौघांच्या तोंडातून एकच शब्द आला. नागपूरकराने तर कप भरून प्यायला. डॉक्टरने बशीत थोडा घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, नाही झाला तर सगळ्याची साखर झाली. शाळेत बटाट्यावर टाकायचो तोच प्रयोग. रंग बदलला नाही आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्याच्या पीएचडीच्या फोटोत पण नाहीये.

पिशवी उचलली, दोन गॅलन गरम पाणी वरून ओतून धुऊन घेतली आणि पिळली. चार-साडेचार किलो धान्य पाणी पिऊन दुप्पट झालं होतं, दोघांनी धरायची आणि दोघांनी पिळायची, चक्का बांधल्यासारखं. आता पातेल्यात जवळजवळ सहा गॅलन रस आणि पातेलं साडेसातचं. उकळी आली आणि दूध कसं वर येतं तसा फेस सरसर वर आला. आम्ही चौघंही दुधावर लक्ष ठेवायच्या संस्कारात वाढलेलो, तरी चौघंही त्या क्षणी सांगलीकराच्या फोनवर मॅचचा स्कोअर बघत होतो. डावाने ढवळू की गॅस बंद करू की पाणी मारू, या चर्चेत साधारण एक लिटर बाहेर गेलं. ड्राइव्हवे असा चिकट झाला की चप्पल सोडून माणूस पुढे जाईल. अर्ध्या तासात पिवळ्या गांधीलमाश्या हजर.

पुढचं सोपं होतं. हॉप्सचं पहिलं पाकीट उकळीच्या सुरुवातीला, ते कडूपणासाठी, कारण हॉप्समधली कडू आम्लं तासभर उकळल्याशिवाय नीट उतरत नाहीत. दुसरं शेवटची पंधरा मिनिटं राहिल्यावर, चवीसाठी. तिसरं गॅस बंद करताना, वासासाठी, तो वास उकळला की उडून जातो. आमटीत आमसूल कधी आणि कोथिंबीर कधी, तसंच. शेजारचा म्हातारा कुत्रा घेऊन वासाने आला तेव्हा डॉक्टरने त्याला आधी बजावलं की वापरलेले हॉप्स कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी असतात. तो म्हणाला मला माहिती आहे, माझा भाऊ करायचा. मग खुर्चीच टाकून बसला.

इथून पुढे मात्र सगळं सोवळ्यात. एकदा उकळी बंद झाली की रसाला जे लागेल ते निर्जंतुक पाहिजे. स्टार सॅन पाच गॅलन पाण्यात एक औंस टाकायचं, प्रचंड फेस होतो, तो धुवायचा नाही, तसाच राहू द्यायचा. फेस आत राहिला तरी चालतो हे नागपूरकराला शेवटपर्यंत पटलं नाही, साबणासारखं दिसणारं काहीतरी आपण पिणार या कल्पनेने तो तिसऱ्यांदा बाटली विसळायला निघाला तेव्हा डॉक्टर चक्क ओरडला. खरं सांगायचं तर सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही जे केलं त्यात बिअर करणं दोन तास आणि भांडी घासणं सहा तास. कोणी तुम्हाला होमब्रूइंग हा रोमँटिक छंद वगैरे म्हणत असेल तर त्याला विचारा भांडी कोण घासतं.

रस पटकन गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं आत सोडायचं आणि त्यातून बागेच्या नळाचं पाणी फिरवायचं. दुसऱ्या टोकाने गरम पाणी बाहेर येतं आणि लोक ते सरळ गटारात सोडतात. आम्हाला बघवेना. मी सोलापूरचा, पाण्याच्या टँकरमागे कळशी घेऊन पळालेलो माणूस. घरातल्या सगळ्या बादल्या, टब, मुलीचा वाळूचा डबा सुद्धा लावला, त्यातच भांडी घासली, उरलेल्याने ड्राइव्हवे धुतला. पंचवीस मिनिटांत ६८ फॅरेनहाइट. रसात साखर किती हे घनतेवरून दाखवणारा हायड्रोमीटर टाकला, १.०४७. पुस्तकी हिशोबाने १.०५० यायला हवं होतं, ते तीन पॉइंट बहुतेक आमच्या पिळण्यात आणि ढवळण्यात राहिले.

कारबॉयमध्ये भरलं ते अगदी गळ्यापर्यंत. वरून यीस्ट भुरभुरवलं, बुचात एअरलॉक बसवला, म्हणजे पाण्याची एक छोटी नळी जिच्यातून गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही, आणि जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात ठेवलं, तिथे अंधार आणि १९ सेल्सिअस. डॉक्टरने जाताना सांगितलं की १५१६ च्या त्या प्रसिद्ध जर्मन कायद्यात बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी घालायची परवानगी होती, यीस्टचं नावच नाही, तो एक जिवंत जीव असतो हे तेव्हा कोणाला माहिती नव्हतं. मला त्यात विशेष वाटलं नाही, माझ्या आज्जीला तरी लॅक्टोबॅसिलस कुठे माहिती होता, विरजण लागत होतंच की.

रविवारी दुपारपर्यंत काहीच नाही. मी दर तासाला कपाट उघडून बघतोय. ग्रुपवर मेसेज, "मेलं वाटतं यीस्ट." डॉक्टरचा रिप्लाय, "गप्प बस." संध्याकाळी पहिला बुडबुडा आला, गुळुक. मग मिनिटाला एक, मग सेकंदाला एक, आम्ही व्हिडिओ कॉल करून सगळ्यांनी ऐकला. मुलीने त्या कपाटाला गुळुक कपाट असं नावच ठेवलं.

सोमवारी पहाटे तीनला धप्पकन आवाज आला. बायको म्हणाली खाली कोणीतरी आहे. मी हातात मुलीची बेसबॉलची बॅट घेऊन उतरलो. कपाटाच्या फटीतून बदामी रंगाचा फेस बाहेर येत होता. दार उघडलं तर एअरलॉक कपाटाच्या छताला धडकून कोपऱ्यात पडलेला, बाटलीच्या तोंडातून कारंजं चालू, आणि तीन कोट, दोन रेनकोट आणि बायकोचं पिसांचं जॅकेट, जे तिने दोन वर्षं सेलची वाट बघून घेतलं होतं, सगळं यीस्टच्या फेसाने माखलेलं. झालं असं की यीस्ट जोरात असताना वर जाड फेस धरतो, त्याला वाढायला जागा हवी, ती नव्हती म्हणून त्याने एअरलॉकचं भोक बुजवलं आणि आत गॅस कोंडला. नशीब बूच उडालं, काच नाही फुटली, फुटली असती तर हे मी एवढ्या मजेत लिहीत नसतो. पहाटे साडेतीनला डॉक्टरला उठवलं, त्याने सांगितलं की एअरलॉक काढ आणि जाड नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोड. तसं केलं. बायको पायरीवर बसून बघत होती. काही बोलली नाही. ते जास्त भीतीदायक होतं.

पुढचे दोन आठवडे शांततेत गेले, कपाटातले, घरातले नाही.

या काळात आमचं काम म्हणजे बाटल्या जमवणं, म्हणजे पिणं. फिरकीच्या झाकणाच्या चालत नाहीत, ओपनरने उघडायच्याच लागतात. ओरेगनात रिकामी बाटली परत दिली की दहा सेंट मिळतात, त्यामुळे घरात साठवलेल्या पन्नास बाटल्या म्हणजे पाच डॉलर अडकलेले, असा हिशोब सांगलीकराने लावला. जॅकेटच्या ड्रायक्लीनिंगचा हिशोब त्याने लावला नाही. लेबलं सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून खरवडली.

हायड्रोमीटर १.०१० वर येऊन तीन दिवस हलला नाही, म्हणजे आंबणं संपलं. गणित केलं, ४.९ टक्के अल्कोहोल. आता बाटलीत फसफस यायला थोडी साखर घालायची, यीस्ट ती खातो आणि गॅस बंद बाटलीतच मुरतो. ११० ग्रॅम कॉर्न शुगर दोन कप पाण्यात उकळून बादलीत टाकली आणि त्यावर बिअर सायफनने सोडली. नागपूरकर नळी तोंडात धरायला निघाला होता, लहानपणी रेशनचं रॉकेल पिंपातून असंच काढायचो म्हणे. डॉक्टरने नळी हिसकावून घेतली. चाळीस-पंचेचाळीस बाटल्या भरायच्या, झाकणं दाबायची, सांगलीकर झाकणावर, मी नळीवर, असेंब्ली लाइन मस्त जमली. एकच गोष्ट राहिली, साखर नीट ढवळायची. ते प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलं.

एकूण ४३ बाटल्या.

चौथ्याच दिवशी सांगलीकराने एक उघडली आणि ग्रुपवर टाकलं, "गोड पाणी झालंय, वाया गेलं सगळं." त्याला दोन आठवडे थांब असं चार भाषांत सांगितलं होतं. पंधराव्या दिवशी माझ्याकडे जमलो, दिवाळीचा फराळ अजून संपला नव्हता. पहिली बाटली उघडली तर आवाजच नाही. सपाट. सांगलीकर माझ्याकडे बघतोय, मी डॉक्टरकडे. दुसरी उघडली, टिस्स! आणि ग्लासात ओतली तर वर दोन बोटं पांढरा फेस, खाली मधासारखा रंग, जरा गढूळ. नाकाला संत्र्याची साल, अगदी त्या ऑगस्टच्या दिवशी सांगलीकराच्या तळहाताला आला होता तसा वास. चव आधी पावाच्या कडेसारखी आणि मग घशात कडू, पण कारल्याचं कडू नाही, तर जिभेला अजून एक घोट मागणारं. विकतच्यासारखी होती का? नव्हती. अंगाने जरा हलकी होती, ते १५० डिग्रीचं फळ. पण भाजणीच्या चकलीबरोबर जी लागली! नागपूरकराने तळातला यीस्टचा गाळ पण वाया घालवायचा नाही म्हणून ढवळून प्यायला आणि रात्रभर त्याचं पोट गुळुक कपाट झालं होतं.

४३ पैकी सात सपाट, पाच अशा की उघडल्या की सिंकमध्ये धरायच्या, बाकीच्या चांगल्या. उरलेला चोथा ओव्हनमध्ये वाळवून, दळून मी थालीपिठात घालून बघितला, टरफलं दाताखाली येतात, दुसऱ्यांदा करणार नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला चार बाटल्या दिल्या, त्याने त्या पिऊन बाटल्या धुऊन परत आणून दिल्या, दहा सेंटांसाठी नाही विकल्या, यावरून माणूस ओळखा.

दुसऱ्या वेळेसाठी साडेसहा गॅलनची बादली आणली. बायकोने गोधडी कपाटात वर टाकून ठेवली आहे आणि पातेल्यासाठी एक जुनं ब्लँकेट दिलं आहे, त्याला माझी हरकत नाही. ती पाच गॅलनची काचेची बाटली मात्र नुसती जागा अडवत होती. सांगलीकराला जशी मिळाली तशीच फुकट म्हणून नेटवर टाकली. दुसऱ्याच दिवशी एक तरुण जोडपं येऊन घेऊन गेलं, पहिल्यांदाच बिअर करणार होते. मी त्यांना म्हटलं, हिच्यात साडेतीन गॅलनच्या वर भरू नका आणि कोटांच्या कपाटात तर अजिबात ठेवू नका. दोघंही हसले, मी गंमत करतोय असं वाटलं त्यांना.